अर्पिताच्या नावानं

नेर,
२१ जुलै २०२५

चि. नानास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोन तू आपटलास, म्हणून हे पत्र. फोनवर तू माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीस आणि मी तुझं सुरूच होऊ देत नाही. कागदावर निदान शेवटपर्यंत बोलता येतं.

परवा कपिलचा पुण्याहून फोन आला होता. एवढा तीस वर्षांचा बाप्या, पण हुंदके देत होता. म्हणाला, आत्या, बाबा नागपूरच्या हायकोर्टात लिहून देणार आहेत की माझ्या बहिणीला मारणाऱ्याला फाशी देऊ नका. मी म्हटलं, तू चुकीचं ऐकलंस, तुझा बाप हट्टी आहे, वेडा नाही. मग तुला विचारलं तर तू म्हणालास, हो ताई, देऊन राह्यलो.

नाना, तुला विसर पडला असेल तर मी आठवण करून देते. आपली अर्पिता तलाठी होती. चोरटी रेती नेणारा टिप्पर अडवणं हे तिचं कामच होतं. भर दुपारी ती आणि कोतवाल खेमसिंग रेतीघाटाच्या रस्त्यात हात आडवे करून उभे राहिले आणि त्या बादलनं टिप्पर सरळ अंगावर घातला. इथपर्यंत एखादा म्हणेल, घाबरला, ब्रेक लागला नाही. पण त्यानंतर त्यानं टिप्पर मागं घेतला आणि पुन्हा पुढं नेला. खेमसिंग जागीच गेला. अर्पिता यवतमाळच्या दवाखान्यापर्यंतसुद्धा पोचली नाही. जजसाहेबांनी फाशी दिली ती या दुसऱ्या खेपेसाठी. आणि आता हायकोर्टानं ती फाशी कायम करायची, तर मुलीचा बाप आडवा पडणार?

आठवीपासून बारावीपर्यंत ती माझ्याकडे होती. तिच्या वेण्या मी घातल्या. तिला गुळाचं वरण गिळवत नसे म्हणून घरात दोन वरणं शिजायची. परीक्षेचा अभ्यास ती गच्चीवर येरझारा घालत मोठमोठ्यानं करायची, तेव्हा शेजारच्या बायका म्हणायच्या, तुमच्याकडे वकील राहतो का. त्या पोरीवर दोनदा चाकं गेली, आणि तू माणुसकी शिकवायला निघालास. तिच्या आईला, इंदूला तरी विचारलंस का?

इथं पाऊस बरा आहे. गुडघा त्रास देतो, पण तुझ्याएवढा नाही. उत्तर मोठं लिही आणि अक्षर जरा बघ, तुझ्या ओळी म्हणजे मुंग्यांची वरात.

रागातही लोभ तसाच आहे, तो तुटेल असं वागू नकोस.

तुझी,
विमलताई


बाभुळगाव,
२८ जुलै २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. माह्या चष्म्याची काडी तुटली म्हणून इंदूनं वाचून दाखवलं. दुसऱ्या पानावर तिचा आवाज तुझ्यासारखाच चढला, तवा समजलो का हे बी तुझ्याच पार्टीत हाये. म्हणजे घरात मी एकटा. पण मले लिहू दे.

निकालाच्या दिवशी मी कोर्टात होतो. जजसाहेबांनी फाशी म्हणताच मागून टाळ्या पडल्या. मलेबी बरं वाटलं, खोटं कायले सांगू. गावात उतरलो त स्टँडवर पेढे वाटून राह्यले होते. एकानं माह्या हातावर ठेवला, मी तोंडात टाकला. मंग वर पाह्यलं. एवढं मोठं ब्यानर. आपल्या अर्पिताताईला अखेर न्याय मिळाला. मधात माह्या पोरीचा फोटो, आन खाली हात जोडून कोण उभा? बबनराव.

ताई, टिप्पर बबनरावचा. घाट त्यानं खाल्लेला. त्याच्या दोन गाड्या अर्पितानं आधी पकडून तहसीलात लावल्या होत्या. कोर्टात बादलच्या बाजूले तोच दोन नंबरचा आरोपी होता, हुकूम त्याचा होता असं सरकारी वकील म्हणत होते. पुरावा पुरा नाही म्हणून तो त्याच दिवशी, त्याच कोर्टातून सुटला. आन गावात माह्याआधी पोचून माह्या पोरीच्या मरणाचे पेढे वाटले. अर्धा पेढा माह्या तोंडात होता. मी तिथंच थुकलो. मंग खांबाले शिडी लावून ब्यानर फाडलं. पोट्टे म्हणे, काका असं काहून करता, हे तुमच्याच बाजूचं हाये.

तवापासून मी एकच विचारून राह्यलो. बादलच्या फाशीनं सगळ्यात जास्त खुश कोण झालं? ज्यानं टिप्पर पाठवला तो. बादल लटकला का बबनचं नाव त्याच्यासंगंच मातीत जाते.

आता तू म्हणशील, नाना वकिली करते. तेवढंच कारण नाही. पोस्टमार्टम झाल्यावर दवाखान्यातून अर्पिताले आणलं तवा ते गाठोडं माह्या मांडीवर होतं, यवतमाळपासून घरापर्यंत. तसं आणखी एक गाठोडं सरकारनं बांधावं आन त्याच्यावर माह्या पोरीचं नाव लिहावं, हे मले सहन होत नाही. मी माफ केलं असं समजू नको. मले तो जित्ता पाहिजे. त्यानं रोज सकाळी उठून आठवावं का मी गाडी मागं घेतली होती. मेला त त्याची सुटका होते, माही होत नाही.

कपाशीची पऱ्हाटी चांगली हाये. तुरीत डवरणी झाली. गुडघ्याले तीळतेल लाव.

भांडण तुझं मान्य, लोभ आमच्याकडे राहू द्यावा.

तुझा,
नाना


नेर,
३ ऑगस्ट २०२५

चि. नानास,
अनेक आशीर्वाद.

पेढ्याचं वाचून माझ्या अंगाची आग झाली. त्या बबनरावला समोर आणा, मी बोलते त्याच्याशी. पण नाना, एका लबाडानं पेढे वाटले म्हणून खुन्याची शिक्षा कमी करायची, हा कुठला न्याय? चोर देवळात गेला तर आपण देव बदलतो का?

बबननं हुकूम दिला असेल. दिलाच असेल. पण गाडी मागं घे असं त्यानं फोनवर सांगितलं होतं का? तो गिअर बादलच्या हातानं पडला. पुढं जाताना तो नोकर होता असं म्हण हवं तर, मागं येताना तो स्वतःचा मालक होता. आणि मागं येताना त्याला ती दिसली असणार. आरशात दिसली असणार. रोज आठवावं म्हणतोस, पण ज्याला आरशात दिसून कळलं नाही त्याला तुरुंगातली भिंत काय शिकवणार? तो तिथं जेवेल, झोपेल, आईला भेटेल. अर्पिता कुणाला भेटते?

आणखी एक विचारते, सरळ उत्तर दे. उद्या बबन दोषी ठरला, तर त्यालाही जगू देशील? दे म्हणशील तर तुझं हे तत्त्व आहे असं मी मानीन, आणि तरी ते चुकीचं आहे असं म्हणीन. आणि बबनसाठी दोर मागशील, तर मग मला शिकवू नकोस.

मी माझा वेगळा अर्ज देणार आहे. पाच वर्षं तिला वाढवणारी आत्या म्हणून. यवतमाळहून कुठल्याशा न्याय समितीची मुलं येऊन गेली, फार अदबीनं बोलली. म्हणाली, मावशी, कागद आम्ही करून देतो, सुनावणीला गाडीनं नेऊ, तुम्ही फक्त सही करा. मी सही केली आहे.

राखी सोबत पाठवते आहे. इंदूकडून बांधून घे. राखीचा आणि फाशीचा काही संबंध नाही.

मनात अढी आहे, पण मायाही त्याच मनात आहे.

विमलताई


बाभुळगाव,
१४ सप्टेंबर २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

राखी पोळ्यापर्यंत हातावर होती, मंग सुटली. तुझ्या सवालाचं उत्तर आधी देतो. रातभर बबनले मनातल्या मनात मारणारा मीच हाये. पण कोर्टात विचारलं त म्हणीन, त्यालेबी फाशी नको. दोघायले जन्मभर आत ठेवा. बस.

मागच्या आठवड्यात बादलची आई आली. कांताबाई नाव. आधी मी वळखलंच नाही, वाटलं निंदणाचं काम मागायले कोणी बाई आली. अंगणात उभी राह्यली आन म्हणे, मी बादलची माय. इंदू आतून आली. मले वाटलं आता काही खरं नाही. इंदूनं तिले बस म्हणलं नाही, पाणी देल्लं नाही. एकच विचारलं, तुह्या पोरानं गाडी मागं घेतली होती का नाही?

कांताबाई म्हणे, घेतली होती.

ताई, तिले नाही म्हणता आलं असतं. पोराच्या जीवासाठी कोणतीबी माय खोटं बोलली असती. ती म्हणे, त्यानं मले जेलात भेटीच्या वेळी सांगतलं, बबनशेठ फोनवर वरडत होता का अर्धं काम सोडू नको, उठली त साक्ष देईल. मंग अटक झाल्यावर बबननं निरोप पाठवला, सगळं आपल्या अंगावर घे, वकील मी देतो, पाच-सात वर्षांत काढतो, तुह्या मायले पाहतो. वकील बबनचाच होता, तो बादलच्या बाजूनं एक शब्द बोलला नाही. आता फाशी झाली त बबनचा फोन लागत नाही, आन ती त्याच्या फाटकावर गेली त चौकीदारानं हाकललं.

इंदूनं दार लावून घेतलं. सांजपर्यंत बाहेर आली नाही. दुसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणे, बबनच्या सुटकेवर अपील करा, त्याच्यावर मी सही करतो. बादलच्या फाशीच्या कागदावर करत नाही. ना ठेवा म्हणून, ना नको म्हणून. माह्या हातानं ते होत नाही.

मंग मी तांड्यावर रामीबाईकडे गेलो, खेमसिंगच्या बायकोकडे. दोघायचं रक्त सांडलं, मी एकट्यानं कसं ठरवावं? तिनं सगळं ऐकून घेतलं. म्हणे, नानाजी, तुमचा पोरगा पुण्यात साहेब हाये, तुमचं वावर हाये, तुमाले मोठं मन परवडते. माह्या घरी कमावता एकच होता. त्याले कुत्र्यासारखं चिरडलं, आन तुम्ही म्हणता त्याले मारू नका. म्हणलं, बाई, मी माफ नाही केलं. ती म्हणे, माह्या मेलेल्या माणसाले त्यातला फरक कसा समजावून सांगू? मी हात जोडले आन वापस आलो.

तरी मी लिहून देणार. बबनच्या सुटकेविरुद्धच्या अपिलावर आमच्या दोघायच्या सह्या, बादलच्या कागदावर माही एकट्याची. रामीबाईचं म्हणणं बी आमच्या नागपूरच्या वकीलबाईले जसंच्या तसं सांगतलं, का कोर्टाले समजू द्या, सगळे माह्यासारखे नाहीत.

सोयाबीन पिवळं पडून राह्यलं. तुह्या हातच्या शेवया संपल्या, पण मागायची हिंमत नाही.

माया पातळ करू नको, हेच मागणं.

नाना


नेर,
१२ डिसेंबर २०२५

चि. नानास,
अनेक आशीर्वाद.

नागपूरला कोर्टात तू सरकून मला जागा केलीस आणि मी मागच्या बाकावर जाऊन बसले. तू रागावलास हे मानेवरूनच कळलं. शेजारी बसले असते तर तिथंच रडले असते, म्हणून बसले नाही. आणि उशीर का झाला ते आता सांगते.

समितीची गाडी पहाटेच आली. पांढरी, मोठी, आत गार हवा. दोन मुलं, मावशी मावशी करत होती. पाण्याची बाटली, बिस्किटं, गुडघ्याखाली उशी. मला वाटलं, जगात चांगली माणसं आहेत. कळंबच्या अलीकडे चालवणारा मुलगा कुणाशी तरी फोनवर बोलला आणि मला म्हणाला, काकांनी विचारलंय, मावशींना काही त्रास नाही ना. मी म्हटलं, कोण रे बाबा तुझे काका, त्यांना माझा आशीर्वाद सांग. तो बेसावध होता, म्हणाला, बबनकाका.

नाना, मला आधी समजलंच नाही. मग समजलं. मी ज्या उशीवर पाय ठेवून बसले होते ती त्याची होती. माझ्या अर्जाचा कागद त्यानं टाइप करून घेतला होता. माझं दुःख त्यानं भाड्यानं घेतलं होतं, आणि मी त्याला आशीर्वाद देऊन बसले होते!

मी म्हटलं, गाडी थांबव. तो म्हणाला, मावशी, नागपूर लांब आहे. मी म्हटलं, थांबवतोस की दार उघडून उडी मारू? त्यानं थांबवली. उशी मी रस्त्यावर फेकली, बिस्किटंही. कळंबपर्यंत चालत गेले, या गुडघ्यांनी. तिथून एसटीनं वर्धा, वर्ध्याहून दुसरी गाडी. उभ्यानं. पूर्ण रस्ताभर मी त्याला मोठ्यानं शिव्या देत होते, आणि शेजारची बाई मला सारखी विचारत होती की आजी, सून का हो?

तुझ्या वकीलबाईंनी मला पायऱ्यांवर विचारलं, अर्ज मागं घेता का. मी म्हटलं, नाही. मला बादलला फाशी पाहिजे, आजही. पण त्या अर्जाखाली मी माझ्या हातानं लिहिलं, की बबनराव सुटला आहे, त्याला परत उभं करा, आणि तोवर ज्याला त्याच्याबद्दल बोलायचं आहे त्या बादलचं तोंड दोरानं बंद करू नका. त्या म्हणाल्या, असं हातानं लिहिलेलं चालत नाही. मी म्हटलं, न चालू दे, पण द्या.

मी तुझ्या बाजूला आले असं समजू नकोस. तू म्हणतोस दोर नकोच. मी म्हणते दोर पाहिजे, पण तो बबनच्या हातून नको. हे दोन वेगळं आहे, आणि यावर आपण मरेपर्यंत भांडू.

शेवया पाठवते आहे. मागायला हिंमत लागते म्हणे! लहानपणी डब्यातून चोरायचास तेव्हा बरी होती.

लोभाचं काय लिहू, तो तुझ्या वाट्याचा तुला मिळतोच.

विमलताई


बाभुळगाव,
१९ फेब्रुवारी २०२६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

निकाल लागला. टीव्हीवर चार ओळी आल्या, तुले समजलं असेल, तरी लिहितो. बादलची फाशी रद्द. मरेपर्यंत जन्मठेप, सूट नाही. आन बबनची सुटका रद्द, त्याचा खटला परत चालणार. फोनचा जो पुरावा खालच्या कोर्टात घेतला नव्हता तो आता पाहणार. सरकारी वकील बादलले जेलात भेटून आले, तो साक्ष द्यायले तयार हाये म्हणतात. देईल का ऐन वेळी फिरेल, देव जाणे.

ह्यावेळी गावात पेढे नाही वाटले कोणी. कपिल फोनवर इंदूशी बोलते, माह्याशी नाही. रामीबाई बाजारात दिसली, तिनं पदर ओढून घेतला आन बाजूनं गेली. मी थांबवलं नाही, तिचा हक्क हाये. कांताबाई येऊन अंगणात डोकं टेकवू लागली त इंदू कडाडली, म्हणे, उठ, हे तुह्यासाठी नाही केलं. खरंच हाये ते.

आन परवा आमच्या तुरीची गंजी पेटली. वावरात कोणी नव्हतं, पाणी नेईपर्यंत राख. ठाण्यात गेलो त म्हणे, बिडी पडली असेल. माह्या वावरात बिडी वढते कोण? निकालाच्या तिसऱ्या दिवशी पडते काहून? इंदू आता दाराले आतून काठी लावते. मी भेत नाही ताई, पण संताप असा येते का पेन कागदात रुतते, म्हणून अक्षर असं हाये. ह्यावेळी मुंग्या म्हणू नको.

खटला इथंच यवतमाळले चालणार, वर्षभर तरी. बादलले साक्षीले आणतील तवा त्याच्यासमोर बसायचं हाये. मी जाईन. जमलं त एकदा तू ये.

तुझ्या मायेच्या भरवशावर,
नाना


नेर,
२४ फेब्रुवारी २०२६

चि. नानास,
अनेक आशीर्वाद.

एकदा ये म्हणतोस? मी सोमवारच्या सकाळच्या बसनं राहायलाच येते आहे, खटला संपेपर्यंत. घराची किल्ली शेजारी दिली. इंदूला सांग, मला खालची खोली लागेल, जिना चढवत नाही.

निकाल मला पटलेला नाही. बादल साक्षीला उभा राहील तेव्हा मी पहिल्या बाकावर असेन. त्याला आधी सगळं बोलू देईन, बबनचं नाव, फोन, हुकूम, एकही शब्द गिळू देणार नाही. मग तो खाली उतरला की त्याच्या डोळ्यांत बघून सांगेन, की तुला फाशीच व्हायला पाहिजे होती, आणि तू जिवंत आहेस तो या माझ्या येड्या भावामुळे. तू मला अडवू नकोस.

कपिलशी मी बोलले. बापाशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस, म्हटलं, पण बापाची गंजी जळली तेव्हा पुण्यात बसून राग धरणं तुला शोभत नाही. तो शनिवारी येतो आहे. तू त्याला समजावत बसू नकोस. नुसतं जेवायला वाढ.

आणि ठाण्यातल्या साहेबांना, गावातल्या पोट्ट्यांना आणि बबनच्या घरापर्यंत पोचेल अशा आवाजात चौकात सांगून ठेव, की नेरची मोठी बहीण राहायला येते आहे, तिला झोप कमी लागते आणि ती अंगणातच खाट टाकते.

वाद चालू ठेवावा, लोभ वाढता असावा.

तुझी,
विमलताई